तीन पॉइंट नऊ

झाकण मध्ये किंचित दबलेलं असायला हवं. चटणी गरम असताना बरणी बंद केली की आतली वाफ निवते, पोकळी तयार होते आणि पत्र्याचं झाकण मध्यभागी साधारण एक मिलिमीटर आत ओढलं जातं. माझ्या टेबलावरच्या बरणीचं झाकण वर आलेलं होतं. खोली मोजायचं गेज लावून मी ते मोजलं. कडेपेक्षा दीड मिलिमीटर वर. बोटाने दाबलं तेव्हा ते बारीक आवाज करून खाली गेलं आणि बोट उचलताच पुन्हा वर आलं.

बरणी टोमॅटो-खजुराच्या चटणीची होती. बंगाली लग्नाच्या पंगतीत शेवटाकडे, पापडाबरोबर, गोडाच्या आधी वाढतात ती. बराकपूरच्या एका दुकानदाराने ती आमच्या विक्रेत्याच्या हाती परत पाठवली होती आणि झाकण बघा एवढाच निरोप दिला होता. परत आलेली बरणी संगणकाच्या नव्या सिस्टिममध्ये कुठे दाखवायची हे विक्रेत्याला कळेना, म्हणून ती काही दिवस त्याच्या स्कूटरच्या डिकीत राहिली.

मी खिडकी उघडली, हातमोजे घातले आणि झाकण फिरवलं. फेस आला. फार नाही, बरणीच्या गळ्यापर्यंत, बारीक बुडबुड्यांचा, फिकट गुलाबी. वास आधी आंबलेल्या ताडीसारखा वाटला. थोडं थांबल्यावर त्याखालचा दुसरा वास कळला, भांडी पुसायचं फडकं ओलंच चुरगळून ठेवलं की येतो तसा. खजुराचे तुकडे फुगले होते, त्यांची सालं सुटून वर तरंगत होती. वासांची मला सवय आहे, ते माझं कामच आहे. तरी मी एक पाऊल मागे सरले.

मग पीएच मोजला. पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा. आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त. या चटणीत तो चारच्या खाली असावा लागतो. मीटरने चार पॉइंट आठ दाखवला. प्रमाण द्रावणांत बुडवून मी मीटर तपासलं आणि पुन्हा मोजलं. चार पॉइंट आठ.

हा आकडा वाईट का, ते सांगायला हवं. चार पॉइंट सहाच्या वर, बंद बरणीत, हवेशिवाय, एक जिवाणू वाढू शकतो. त्याच्या विषाला वास नसतो आणि चवही नसते. फेस आणि दुर्गंधी बहुधा दुसऱ्याच कशाने आली होती. ती आली म्हणून दुकानदाराला कळलं. ज्या बरण्यांना वास येणार नाही त्यांची मला काळजी होती. त्यांत विष होतंच असं मी म्हणत नाही. असू शकत होतं, एवढंच म्हणते, आणि खाण्याच्या वस्तूबाबत एवढं पुरतं.

संगणकावर बॅचचा क्रमांक टाकला. पडद्यावर हिरवी पट्टी आली. पीएच तीन पॉइंट नऊ. निकाल पास. तपासणारे, मिस्टर मृणाल देवस्थळी.

मृणाल देवस्थळी मी. बंगालात मृणाल हे पुरुषाचं नाव असतं, त्यामुळे ऑफिसात नावं भरणाऱ्याने न विचारता मिस्टर लावलं होतं. तेवढ्याचं एरवी हसू आलं असतं. पण ही बॅच मी पाहिलीसुद्धा नव्हती.

कारखाना हावड्यात आहे, लेथ मशीनच्या गल्लीच्या टोकाला. मालक सौमेन दत्तगुप्तांच्या आजोबांनी कासुंदीपासून, म्हणजे वाटलेल्या मोहरीच्या चटणीपासून, सुरुवात केली. आता लोणची, सॉस आणि चटण्या मिळून साठेक माणसं काम करतात. मी अन्नरसायनात एम.एस्सी. केलेली. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून इथे आले आणि बरीच वर्षं इथली प्रयोगशाळा सांभाळते. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक ओटा, थोडी उपकरणं आणि मी.

नवरा, शंतनु, सेक्टर फाइव्हमधल्या, म्हणजे इथल्या आयटी वसाहतीतल्या, एका मोठ्या कंपनीत होता. ती सोडून त्याने स्वतःची छोटी फर्म काढली. लहान आणि मध्यम कारखान्यांना ईआरपी बसवून देणं हा तिचा धंदा. म्हणजे खरेदी, कोठार, उत्पादन, विक्री आणि हिशेब हे सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणायचं. एका टोकाला टोमॅटोची गाडी आली की दुसऱ्या टोकाला मालकाच्या फोनवर ती दिसली पाहिजे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला सौमेनबाबू मोदक खायला आले आणि जाताना शंतनुचं पहिलं गिऱ्हाईक होऊन गेले.

मला तेव्हा बरं वाटलं होतं. अशी सिस्टिम नीट चालताना मी पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात पाहिली होती. कुठली बरणी कुठल्या कढईतली, त्या कढईत कुठले टोमॅटो, ती बरणी पुढे कुणाकडे गेली, हे सगळं बसल्या जागी कळत असे. शास्त्र शिकलेल्या माणसाला असं काही आवडतंच.

सिस्टिम सुरू झाली त्या दिवशी सौमेनबाबूंनी मिठाईवाल्याकडून छेन्याचे खास संदेश करून आणले, संगणकाच्या पडद्याच्या आकाराचे, निळ्या रंगाचे. ते खाऊन सगळ्यांच्या जिभा निळ्या झाल्या. शंतनुने भाषण केलं. आता हा कारखाना माणसांवर नाही, प्रोसेसवर चालेल, असं तो म्हणाला, आणि निळी तोंडं उघडून सगळे हसले, टाळ्या वाजल्या. माझा संदेश मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. घरी पोहोचेपर्यंत त्याचं पाणी सुटून रंग अस्तराला लागला. तो डाग अजून निघालेला नाही.

तर, त्या फुगलेल्या बरणीनंतर मी खाली कढयांपाशी गेले.

टोमॅटो दर ऋतूत वेगळा असतो. आमच्याकडे येणारा पावसाळ्यातला आंबट, हिवाळ्यातला गोड. म्हणून आमची एक पद्धत होती. कढई उतरवायच्या आधी वाटीभर चटणी माझ्याकडे यायची, मी मीटर लावायची, आणि आकडा बसेपर्यंत तापस थोडं थोडं अ‍ॅसेटिक आम्ल घालायचा. तापस म्हणजे कढयांवरचा सुपरवायझर. आम्ल किती घालायचं ते आधी ठरलेलं नसायचं. ते टोमॅटो ठरवायचा.

ईआरपीला हे चालत नाही. त्यात प्रत्येक पदार्थाची ठरलेल्या मापांची पाककृती भरावी लागते. शंतनुने मला आम्लाचं माप विचारलं तेव्हा मी म्हटलं, माप नाही, आकडा आहे. तो म्हणाला, मग सरासरी सांग. मी सांगितली नाही. त्याने ती पावसाळ्यातल्या, म्हणजे आम्ल कमी लागतं तेव्हाच्या, वापरावरून स्वतःच काढली.

तापस कढईच्या बाजूला स्टुलावर बसून फोन बघत होता. कढईच्या काठावर वाळलेल्या चटणीचा काळपट थर होता आणि त्यावर माशा चिकटल्या होत्या, काही जिवंत, काही नाही. मी त्याला विचारलं की आम्ल वाढवत का नाहीस. त्याने मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. ठरल्यापेक्षा जास्त सामान कोठारातून मागवलं की सौमेनबाबूंच्या फोनवर ती कढई लाल होते. सुरुवातीला झाली होती. सौमेनबाबूंनी त्याला वर बोलावून, आम्ल विकतोस की काय, असं सगळ्यांसमोर विचारलं होतं.

"घातलं तर लाल, नाही घातलं तर हिरवं," तापस म्हणाला. "मग दिदी, मी कशाला घालू?"

"चाखून तरी बघतोस?"

"बघतो ना. गोड लागते. लोकांना गोडच आवडते."

वाटी माझ्याकडे का येत नाही, हे मात्र मला माहीत होतं. सिस्टिम दहातल्या एका कढईची वाटी मागते. तेवढ्या एका कढईला जादा आम्ल माझ्या सहीने मिळतं. सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय आधीपासून निवडलेला होता. मी हरकत घेतली तेव्हा सौमेनबाबू म्हणाले की एवढ्या मोठ्या लोकांनी बनवलेलं सॉफ्टवेअर आहे, त्यांनी काही विचार केला असेल. बाकीच्या नऊ कढयांच्या रकान्यात सिस्टिम आपणच तीन पॉइंट नऊ भरते आणि खाली माझं नाव घालते.

तिथून मी उबदार खोलीत गेले. आमची दुसरी पद्धत तिथली. भरलेल्या बरण्यांचे खोके त्या खोलीत रचायचे आणि त्यांना तागाची सुतळी बांधायची. पंधरवडाभर झाकणांवर लक्ष ठेवायचं. काही फुगलं नाही तर सुतळी मी कापायची. दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही, हा नियम सौमेनबाबूंच्या वडिलांच्या वेळचा. सिस्टिम आल्यापासून सुतळी कापायला मला कोणी बोलावलं नव्हतं. कमी माल निघतोय, असं मला सांगितलं जात होतं.

खोलीत एकही खोका नव्हता. कोपऱ्यात कापलेल्या सुतळ्यांचा गुडघ्याएवढा ढीग होता आणि त्यावर कोणीतरी पान खाऊन थुंकलं होतं. थुंकी ताज्या तागात शोषली जाऊन तपकिरी झाली होती.

कोठारावरचा बिशू मला शोधत आला. त्याला सिस्टिमबरोबर एक टॅबलेट मिळाला होता, त्याची काच तो बाहीने सारखी पुसायचा. त्याने तो मला दाखवला. बरणी भरली की माल उपलब्ध दिसतो. उपलब्ध दिसला की विक्रेते तो फोनवर विकतात. विकला की गाडी दारात येते. गाडीवाला काय तुमच्या दोरीसाठी थांबणार आहे, असं त्याने मला विचारलं.

मी त्या ढिगाकडे बघत होते. "पण मग सुतळी बांधता कशाला?"

"बांधायची नाही?" बिशूला खरंच आश्चर्य वाटलं. "मॅडाम, नियम आहे. सकाळी बांधतो, गाडी आली की कापतो. एक खोकाही न बांधता गेला नाही, विचारा कोणालाही."

त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. खालच्या सिंकवर जाऊन मी बराच वेळ हात धुतले. हातांना काहीच लागलेलं नव्हतं.

तीन पॉइंट नऊचा प्रकार मला पहिल्या महिन्यातच कळला होता. शंतनुला विचारलं तेव्हा तो म्हणाला की तात्पुरतं आहे, सिस्टिम स्थिरावू दे. ज्या बॅचेस मी तपासल्या नाहीत त्या बाजारातून परत मागवायला हव्यात, हे मला त्याच दिवशी माहीत होतं. यात कळायला अवघड असं काही नव्हतं. आज बोलायचं असं मी रोज सकाळी नदीखालून जाणाऱ्या मेट्रोत ठरवायची आणि हावड्याला जिना चढून वर आले की ठरवलेलं खालीच राहायचं. माल परत मागवणं म्हणजे शंतनुचं पहिलं काम फसलं असं बाजारात सांगणं. त्याच्या फर्मला दुसरं गिऱ्हाईक अजून मिळालं नव्हतं. घर माझ्या पगारावर चाललं होतं आणि ते आम्ही दोघंही एकमेकांना बोलून दाखवत नव्हतो.

त्या संध्याकाळी डमडमला घरी आले तेव्हा तो चिवडा खात लॅपटॉपवर काम करत होता. मी त्याला बरणी, आकडा, कढया, सुतळी, सगळं क्रमाने सांगितलं. त्याने लॅपटॉप मिटला नाही, पण ऐकलं.

"एक बरणी," तो म्हणाला.

"एक परत आली."

"अगं, आणि तीन पॉइंट नऊ हा तुझा आकडा नाहीच. प्लेसहोल्डर आहे तो. तो रकाना रिकामा असला की सिस्टिम बिल करू देत नाही, म्हणून काहीतरी भरावं लागतं."

"मग शून्य भरायचं होतंस."

"शून्य नापास होतं."

हे तो सहज म्हणाला. पाणी उकळलं की वाफ होते, अशा स्वरात. कॉलेजात असताना प्रयोगाचं निरीक्षण आधी आणि उत्तर मागून लिहिणारा मुलगा म्हणून मला तो आवडला होता. म्हटलं, निदान ते मिस्टर तरी काढ. तो म्हणाला, मास्टर डेटा, म्हणजे नावांची मूळ यादी, आता लॉक आहे, एकाचं उघडलं तर सगळ्यांचं उघडावं लागेल.

मग तो नरमाईने बोलू लागला. माझं म्हणणं तत्त्वतः बरोबर होतं. पण शनिवारी प्रकाश सुखटणकर सिस्टिम बघायला कारखान्यात येणार होते. मंडळातले, बराकपूरला त्यांची बेकरी आणि तीन दुकानं. त्यांनी होकार दिला की फर्म उभी राहील. मग तो स्वतः बसून रकाने दुरुस्त करील, मी सांगेन तसे. शनिवारपर्यंत थांब, एवढंच त्याचं म्हणणं.

"आणि तोवर लोक ती चटणी खातील," मी म्हटलं.

"इतके दिवस खातायत. कोणाला काही झालं का?"

असं म्हणून त्याने माझा हात हातात घेतला. त्याच्या बोटांना चिवड्याचं तेल आणि हळद होती. पूर्वी मला त्याचं काही वाटलं नसतं. मी हात सोडवून घेतला आणि धुवायला गेले. नळाखाली पिवळा रंग जाईना.

दुसऱ्या दिवशी मी कोठारातून वेगवेगळ्या बॅचच्या बरण्या उचलून आणल्या आणि ओट्यावर मांडल्या. बहुतेकांची झाकणं ठीक दिसत होती. उघडल्यावर वासही ठीक होता, गोड, आल्याचा, थोडा भाजलेल्या जिऱ्याचा. आकडे चार पॉइंट सहा, चार पॉइंट सात, चार पॉइंट आठ. फक्त एकच बॅच चारच्या खाली होती, आणि ती मी स्वतः तपासलेली होती.

ते आकडे घेऊन मी सौमेनबाबूंकडे गेले. ते मऊ बोलणारे गृहस्थ आहेत, माझ्यावर कधी आवाज चढवलेला नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग फोन उघडून एकेक बॅच पाहिली.

"पण सिस्टिममध्ये तर तीन पॉइंट नऊ आहे," ते म्हणाले.

तो आकडा कुणीच मोजलेला नाही, हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते गोंधळलेले नव्हते, दोन साक्षीदारांपैकी कोणावर विश्वास ठेवावा याचा विचार करत होते. एका बाजूला बरेच पैसे मोजून घेतलेली सिस्टिम, दुसऱ्या बाजूला माझं जुनं मीटर. शेवटी त्यांनी मला प्रेमाने सुचवलं की मीटर एकदा दुरुस्तीला पाठवावं. खर्च कंपनी करील. आणि माघातल्या लग्नांसाठी केटररकडे माल जातोय, पाहुणे यायचेत, तेव्हा बाकीचं शनिवारनंतर. बोलताना ते टेबलावरच्या पेल्यातला रसगुल्ला चमच्याने दाबत होते, पाक निघेपर्यंत, आणि तो सुटला की पुन्हा फुगत होता. मी नजर खिडकीकडे वळवली.

खाली येऊन मी पुन्हा काही बोलले नाही. हेही सांगायला हवं. ओटा पुसला, बरण्यांतलं सगळं ब्लीच घालून टाकून दिलं आणि शनिवारची वाट बघत बसले. मला स्वतःचाही वास येऊ लागला होता.

शनिवारी वरच्या खोलीत व्हिनेगरचा वास लपवायला मोगऱ्याचा स्प्रे मारला होता. दोन्ही वास एकमेकांत मिसळून तिसराच झाला होता. प्रकाश सुखटणकर आधीच बसलेले. पन्नाशीचे, पांढऱ्या शर्टाचे, हसतमुख. मला पाहताच मराठीत म्हणाले, "या वहिनी. घरातच सिस्टिम आणि घरातच क्वालिटी, आमच्यासारख्यांनी कुठे जायचं?" सौमेनबाबूंना त्यांनी याचा हिंदीत तर्जुमा करून दाखवला आणि सगळे हसले. टेबलावर भाजलेले पापड, चटणीची काचेची वाटी आणि बाजूला त्याच चटणीची बरणी, पाहुण्यांना लेबल दिसेल अशी ठेवलेली. मी आले तेव्हा ती उघडून झाली होती. तिचं झाकण कसं होतं ते मला बघायला मिळालं नाही.

शंतनुने दिवे मंद केले. तो चांगलं बोलतो. लहान कारखाने माणसांच्या आठवणीवर कसे चालतात, माणूस सुट्टीवर गेला की आठवणही कशी सुट्टीवर जाते, हे त्याने दोन विनोदांत सांगितलं. मग म्हणाला की कुठलीही बरणी द्या, तीन क्लिकमध्ये तिचा जन्म दाखवतो.

सुखटणकरांनी समोरचीच बरणी उचलली, चष्मा वर करून बॅचचा क्रमांक वाचला. भिंतीवर एकेक पान उघडत गेलं. ती कढई. ते टोमॅटो. ठरल्याइतकंच आम्ल, कुठे थेंबभर कमी-जास्त नाही. मग हिरवी पट्टी, तीन पॉइंट नऊ, पास. तो क्रमांक मी ओळखला. मी ओट्यावर उघडलेल्यांपैकी एका बॅचचा, चार पॉइंट सात.

"व्वा," सुखटणकर म्हणाले. "आणि हे मिस्टर मृणाल कोण?"

सौमेनबाबूंनी हसत खुलासा केला की आमच्या बंगालात हे पुरुषाचं नाव. शंतनुही हसला.

"हीच ती," तो म्हणाला. "हिने पास केल्याशिवाय इथून एक बरणी हलत नाही."

हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता. तो खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही. भिंतीवर तसंच लिहिलेलं होतं आणि तो ते वाचत होता. मी माझी खुर्ची त्याच्यापासून दूर सरकवली. त्या फुगलेल्या बरणीपासून मी एकच पाऊल मागे सरले होते.

सुखटणकरांनी पापडाचा तुकडा मोडला, त्यावर चमच्याने चटणी घेतली. चटणी दिसायला फार सुंदर होती. लाल, चकचकीत, वर खजुराचा एक काळा तुकडा.

मी वाकून वाटी उचलली आणि त्यांच्या हातातला पापडही घेतला. एखाद्या मुलाच्या हातातून घ्यावा तसा, न विचारता.

"वहिनी?"

"खाऊ नका," मी म्हटलं.

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा ऐकू येत होता. सौमेनबाबू हसू तसंच ठेवून शंतनुकडे बघत होते, हा कार्यक्रमाचाच भाग आहे का, अशा नजरेने. मी वाटी माझ्यासमोर ठेवली आणि तिच्यावर कागद झाकला.

"शंतनु, पुढचा क्लिक कर. ही बॅच कुठे गेली ते दाखव."

"मृणाल, नंतर."

"कर."

त्याने केला. बहुधा सवयीने. भिंतीवर नावं आली. गरियाहाटचा केटरर, बराकपूरची दुकानं, डमडमचं एक मुलींचं वसतिगृह, आमच्या घरापासून चालत जाण्याजोगं. प्रत्येकापुढे किती खोके तेही. पुण्यात जे पाहिलं होतं ते हेच होतं. सिस्टिमला सगळं माहीत होतं, फक्त कोणी तिला विचारलं नव्हतं. मी बरीच नावं वाचली. सुखटणकरांनी चष्मा नीट केला आणि तेही वाचू लागले. शंतनुचा हात माउसवर होता. तो मला खुणेने थांबवत नव्हता. त्याला पुढचं माहीत असावं, आणि कदाचित माझ्याइतकेच दिवस माहीत असावं.

सगळ्यांना कळावं म्हणून मी हिंदीत बोलले. आवाज माझा नेहमीचाच होता.

"हा तीन पॉइंट नऊ मी लिहिलेला नाही. मोजलेला चार पॉइंट सात आहे. सिस्टिम सुरू झाल्यापासून ज्या बॅचेस मी तपासल्या नाहीत त्या सगळ्या परत मागवायच्या, या यादीवरच्या प्रत्येकाकडून, आजच. सौमेनबाबू, तुम्ही मागवल्या नाहीत तर अन्न सुरक्षा खात्याला मी कळवणार आहे, माझ्या नावाने."